पहाटेचं स्वस्त तिकीट आणि आईच्या दशम्या

नेरुळहून अंधेरीकडच्या एअरपोर्टला पहाटे जायचं म्हणजे कॅबवालाच तिकिटाएवढे पैसे घ्यायचा, मग स्वस्त फ्लाइट कसली डोंबलाची! २५ डिसेंबर २०२५ ला जवळच उलव्याचं, म्हणजे नवी मुंबईचं एअरपोर्ट सुरू झालं आणि ते एक टेन्शन गेलं. आता मी फक्त ७ किलोची केबिन बॅग नेतो, घरीच काट्यावर तोलून, कारण मागे एकदा काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उघडून दोन जीन्स अंगावर चढवल्या होत्या (बायको अजून हसते). रिकामी बाटली न्यायची, सिक्युरिटीनंतर भरायची, वरची हवा फार कोरडी असते, घसा सुकतो. आणि दशम्या-चटणी डब्यात, कोरडी हां. शेजारचा माणूस तीनशेचं सँडविच खात आमच्या डब्याकडेच बघत होता.