कितेंगेलाची मातीची खोली : भिंती खिडकीला लागल्या

नैरोबीच्या दक्षिणेला तिसेक किलोमीटरवर कितेंगेला. तिथे मित्राच्या प्लॉटवर आमचं शनिवार-रविवारचं काम आता दिसायला लागलंय. तीन बाजूंच्या भिंती खिडकीच्या पातळीला आल्यात. ब्लॉक न भाजलेले, मुरमात थोडं सिमेंट घालून हातप्रेसवर दाबलेले. भट्टी नाही, त्यामुळे लाकूडही जाळावं लागलं नाही.

खरा खर्च पायाने खाल्ला. इथली वरची जमीन आपल्या काळ्या जमिनीसारखीच, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. ती सगळी उपसली, मुरूम थराथराने ठोकून भरला, वर खाणीच्या दगडाचं जोतं. मातीचं घर स्वस्त म्हणणाऱ्यांनी आधी आपला प्लॉट खणून बघावा.

ब्लॉकचा मुरूम ट्रकने आणला. एक आग्रहाने सांगतो : सिमेंटचं प्रमाण दुसऱ्याचं बघून घेऊ नका. ६० सें.मी. लांब, ४ रुंद, ४ खोल अशी लाकडी पेटी करा, आतून तेल लावा, ओली माती ठासून भरा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. वाळल्यावर माती एका टोकाला सारून किती आकसली ते मोजा. आमची जेमतेम २ सें.मी. आकसली, म्हणून चौदा डेबे मुरमाला एक डेबे सिमेंट. (डेबे म्हणजे वीस लिटरचा पत्र्याचा डबा, इथे सगळी मापं त्यातच.)

पाण्याचा अंदाज मात्र आमच्या फुंडीचा, म्हणजे गवंड्याचा. कालवलेल्या मातीचा लाडू वळून तो छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडतो. चार-पाच तुकडे झाले की ‘सावा’, म्हणजे ठीक. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा बसला तर जास्त. सिमेंट पडल्यावर वेळ नसतो, म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं.

ताजा ब्लॉक काठाला धरला की कोपरा हातात येतो. दोन्ही तळवे लावूनच उचलावा. मग आठवडाभर प्लास्टिकखाली ओलसर, आणि २८ दिवस झाल्याशिवाय भिंतीत नाही. पाणी टँकरचं, पण झाकून ठेवलं की झारीने भागतं.

ब्लॉक एकमेकांत अडकणारे आहेत. पहिला थर मसाल्यात, दोरी आणि लेव्हल लावून. पुढचे कोरडेच बसतात.

मार्चच्या मोठ्या पावसाआधी पत्रा पडायला हवा. भिंत भिजू नये म्हणून मला वळचण ७५ सें.मी. हवी आहे. मित्र म्हणतो ४५ पुरे, या माळावरचा वारा पत्रा उचलेल. त्याचंही खोटं नाही. उघड्यावर एवढी वळचण कुणी टिकवली असेल तर पत्रा कशाने आवळलात ते सांगा.