‘तो’ आणि ‘तू’

रात्रपाळीला आले तेव्हा हँडओव्हरमध्येच कळलं, चार नंबरच्या बेडवरचे आजोबा आजची रात्र काढणार नाहीत. मूत्रपिंडं बंद पडली होती. व्हेंटिलेटर लावायचा नाही, हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून ठरवलं होतं. आता आमचं काम एवढंच, की त्रास होऊ द्यायचा नाही. ओल्या गॉजने ओठ पुसत राहायचं, कूस बदलायची, औषध वेळेवर द्यायचं.

अतिदक्षता विभागात मला १४ वर्षं झाली. मरण मला नवं नाही. पण त्या दिवसांत मी स्वतःच रिकामी होऊन कामावर येत होते. आठ महिन्यांपूर्वी माझे पप्पा गेले. ते गेले तेव्हा मी ड्युटीवर होते, दुसऱ्याच कुणाच्या वडिलांचं सलाइन बदलत होते. त्यानंतर मी उपासनेला जात होते, गीतंही म्हणत होते, पण प्रार्थना म्हणावी अशी एकदाही झाली नव्हती. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, “देवाची इच्छा.” “देवाला हवे होते, त्याने नेले.” चांगल्या मनाने म्हणायचे, ते मला कळत होतं. तरी शोकात असलेल्या माणसाला हे वाक्य कुणी ऐकवू नये, असं मला आजही वाटतं. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं.

दोनच्या सुमारास आजोबांच्या श्वासाची लय बदलली. दोन-चार मोठे श्वास, मग लांब खंड. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली. मी मॉनिटरचा आवाज बंद केला आणि स्क्रीन भिंतीकडे वळवला. शेवटच्या घटकेला माणसं आकड्यांकडे बघत बसतात आणि चेहरा बघायचा राहून जातो. बोटाची क्लिपही काढली. तिचा वळ बोटावर राहिला होता. आजी तो वळ अंगठ्याने हळूहळू चोळू लागल्या, तेवढं तरी बरं करता येईल अशा मायेने.

“सिस्टर, ह्यांना ऐकू येत असेल का?”

“येत असेल, आजी. बोला तुम्ही.”

त्यांनी पिशवीतून बायबल काढून माझ्या हातात दिलं. “तेविसावं स्तोत्र वाचा. मला अक्षरं दिसेनात.”

ते मला लहानपणापासून पाठ आहे. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. डोळे ओळींवरून सरकत होते, मन कुठेच नव्हतं. चौथ्या वचनाशी आले, मृत्युच्छायेच्या दरीशी, आणि माझा आवाज फुटेना.

पुढचं आजींनीच म्हटलं. “...कारण तू माझ्याबरोबर आहेस.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “इथवर ‘तो’ होता बघा, सिस्टर. दरी आली आणि ‘तू’ झाला.”

मी पुन्हा पानाकडे पाहिलं. खरंच की! पहिली तीन वचनं देवाविषयी आहेत, चौथं थेट देवाशी. हिरवळीवर चालताना स्तोत्र रचणाऱ्या दाविदाला ‘तो’ पुरत होता. अंधार झाल्यावर हाक मारायला ‘तू’च लागला, आपण आईला म्हणतो तो ‘तू’. दरी टळेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. मी हे इतक्या वेळा म्हटलं होतं आणि मला एकदाही दिसलं नव्हतं.

श्वासांमधला खंड वाढत गेला. मी मनात मोजत होते, वीस, पंचवीस. आजी वाकल्या. “अहो,” म्हणाल्या, जन्मभराच्या सवयीने. मग ओठ अगदी कानाशी नेले. “जा तू. मी येते मागून.”

३ वाजून ४० मिनिटांनी डॉक्टरांनी वेळ नोंदवली. आजींनी आणि मी मिळून आजोबांचा चेहरा पुसला, त्यांनी केस विंचरले. मला कसला प्रकाश दिसला नाही की आवाज ऐकू आला नाही. खोली तीच होती. पण तिथे आम्ही दोघीच आहोत, असं मला क्षणभरही वाटलं नाही.

सकाळी ड्युटी संपवून कपडे बदलायला गेले, तेव्हा बायबलमधली मार्था आठवली, लाजराची बहीण. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू पोचला आणि तिने त्याला आधी तेच ऐकवलं, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिची बहीण मरियाही तेच म्हणाली. तो दोघींपैकी कुणावरही रागावला नाही. थोड्याच वेळात लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार होता, तरी आधी रडला.

मी लॉकरच्या दाराला कपाळ टेकलं.

“माझे पप्पा गेले तेव्हा तू कुठे होतास?”

आठ महिन्यांत मी त्याला विचारलेलं ते पहिलं काही. खूप रडले. मग तोंड धुतलं, पिशवी उचलली आणि घरी पोचेपर्यंत त्याच्याशीच बोलत राहिले.