समर टीम आली

आज मैत्रीवर, अंटार्क्टिकातल्या आपल्या भारतीय तळावर, रात्रीच्या जेवणाला माझ्या खुर्चीवर समर टीमसोबत आलेला एक मुलगा बसला होता. खुर्चीवर कुणाचं नाव नाही. मी ताट घेऊन दुसऱ्या टोकाला बसलो, मुकाट्याने जेवलो. आता मध्यरात्र उलटून गेली, बाहेर लख्ख ऊन आहे आणि झोपेचा पत्ता नाही.

अख्खा विंटर त्या खुर्चीवर काढला. मे सरता सरता सूर्य गेला तो जुलै उतरणीला लागेपर्यंत उगवला नाही. त्या दोन महिन्यांत दिवस कळायचा तो जेवणाच्या वेळांवरून. समोर डॉक्टर, उजवीकडे भिंत. २१ जूनला, मिडविंटरच्या दिवशी, साऱ्या अंटार्क्टिकातून शुभेच्छा आल्या, त्याही मी तिथेच बसून वाचल्या. जनरेटरचा सूर जरा बदलला की सगळ्यांचे घास हातातच थांबायचे.

आणि आता ही गर्दी. नोवोला, रशियन तळाच्या धावपट्टीवर, विमान उतरलं, पिस्टनबुली, म्हणजे बर्फावरच्या गाड्या, भरभरून माणसं मैत्रीवर आली. दार उघडताच साबणाचा, धुतलेल्या कपड्यांचा वास! किती मोठ्याने बोलतात. गॅली, म्हणजे स्वयंपाकघर, कुठे, नोवो म्हणजे काय, एक ना दोन. उत्तर देता देता माझा शब्दच हरवतो. अमेरिकन तळांवर अशा माणसाला ‘टोस्टी’ म्हणतात. आमचे डॉक्टर म्हणतात, ‘याला विंटर चढलाय.’

घरी फोन झाला. ते राहू दे.

खुर्चीचंच पुन्हा पुन्हा मनात येतंय. मला उठवलं कुणी? कुणीच नाही. तरी आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं जात नाही.

जेवणात टोमॅटो होते, विमानातून आलेले. कुकने फोडी करून मीठ भुरभुरलं होतं, लाल पाणी ताटलीच्या कडेला उतरत होतं. आम्ही विंटरवाले नुसते बघत बसलो, हात कुणीच पुढे केला नाही. त्या मुलाने ताटली उचलली, उठून माझ्यापर्यंत आणली. “दादा, तुम्ही घ्या. आम्ही केपटाऊनला भरपूर खाल्लेत.” मी तीन फोडी खाल्ल्या. डोळे भरून आले.

तो पुढचा विंटर इथेच काढणार आहे, हे मागाहून डॉक्टरांकडून कळलं. मग त्याला ती जागा हवीच. भिंतीकडचा कोपरा आहे, अंधारात पाठीला आधार लागतो. दक्षिण गंगोत्रीत, इथल्या आपल्या पहिल्या स्टेशनातही, कुणाचा तरी असा कोपरा असेलच. ते अख्खं स्टेशन बर्फाखाली गेलं.

उद्या गॅली ड्यूटी आम्हा दोघांची एकत्र आहे. ती उरकली की त्याला प्रियदर्शिनी तलावावर नेतो, आमचं पाणी तिथूनच येतं. पंप दाखवायचा, पाईप कुठे गोठतो ते दाखवायचं. वॉकीटॉकीवर कळवल्याशिवाय आणि एकट्याने बाहेर पाऊल टाकायचं नाही, हे तर पहिल्यांदा सांगायचं. मी निघायच्या आत ही पाण्याची लाईन त्याच्या हातात बसायला हवी.