नोटिशीच्या २८ प्रती

सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं आणि त्याच आठवड्यात एका ऑफिसातून निघालेला जुना लेझर प्रिंटर मी घरी आणला. वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी सगळ्या २८ फ्लॅटमध्ये पोचायला हवी होती. “अहो, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दोन रुपयांत प्रिंट देतो की,” ही म्हणाली. खरंच होतं ते. पण माझ्या पीसीवर विंडोजऐवजी फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली प्रणाली आहे आणि प्रिंटर मी मुद्दाम पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल या छपाईच्या दोन्ही भाषा समजणारा शोधला होता. स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरना यातलं काहीच कळत नाही. सगळं पान संगणकातल्या ड्रायव्हरने तयार करून द्यायचं, आणि तो ड्रायव्हर बहुधा विंडोजपुरताच.

केबल लावली, स्क्रीनवर ‘यूएलपीटी०’ हे प्रिंटरचं नाव उमटलं. मी लगेच फायलींची यादी थेट तिकडे ढकलली. दिवा लुकलुकायला लागला, कागद मात्र जागचा हलेना. लेझर प्रिंटर अख्खं पान जमल्याशिवाय छापत नाही, आणि पान संपल्याची खूण, म्हणजे फॉर्म फीड, मी पाठवलीच नव्हती. बटण दाबल्यावर कागद बाहेर आला तो जिना उतरत! पहिली ओळ जिथे संपली तिथून खाली दुसरी, तिच्या टोकाखाली तिसरी, आणि थोड्याच ओळींत मजकूर उजव्या कडेबाहेर. युनिक्समध्ये ओळ नुसत्या लाइन फीडने संपते. प्रिंटरला डावीकडे परत ये म्हणून कॅरेज रिटर्न वेगळा सांगावा लागतो. टाइपरायटरवर दांडी ढकलायचो, तेच हे.

तेवढं सुधारून ‘नमस्कार’ पाठवलं. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याचे २१ बाइट होतात. प्रिंटरने त्यातला एकेक बाइट सुटा वाचला आणि युरोपी अक्षरांची रांगोळी काढली.

मग निमूटपणे कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकलं. ब्राउझरमध्ये त्याचं पान, म्हणजे लोकलहोस्टचं (आपल्याच संगणकाचं) ६३१ पोर्ट, उघडलं, तर यादीत यूएसबी प्रिंटरच नाही. डिव्हाइस रूटच्या, म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या ताब्यात, कप्सला हात लावायची परवानगी नाही. डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणाऱ्या डेव्हएफएसच्या नियमांत कप्स गटाला परवानगी दिली, तरी काही नाही. ते नियम लागू करणारी ओळ आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये घालायची राहिली होती. त्या एका ओळीपायी संध्याकाळ गेली, आमटी दोनदा गरम झाली.

आता प्रिंटर दिसला. नोटिशीची पीडीएफ पाठवली, आणि पुन्हा दिवा लुकलुकला. यावेळी प्रिंटर अमेरिकी लेटर कागद मागत होता, २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. ट्रेमध्ये आपला २१० बाय २९७ चा ए-४. प्रिंटरची माहिती असलेल्या पीपीडी फाइलमध्ये मुळात ‘लेटर’च लिहिलेलं. ते बदलल्याबरोबर आत घरघर झाली आणि गरम कागद हातात आला. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’, रफार, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो, त्यामुळे प्रिंटरला देवनागरी यायची गरजच नव्हती.

२८ प्रती सलग निघाल्या. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका पेनड्राइव्ह घेऊन हजर. फाइल युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा मराठी फॉन्टमधली; माझ्याकडे उघडली तर नुसती रोमन अक्षरं आणि कंस. काकांना मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं. ही स्वयंपाकघरातून ऐकत होती.