मिरची, संत्रं, टमाटर

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आज क्लबात मी टायमर होते आणि एका माणसाचं भाषण बिघडवून आले.

टोस्टमास्टर्स हा चारचौघांत बोलायला शिकण्याचा क्लब. तिथे नव्या माणसाला आधी असली कामं देतात. स्टॉपवॉच धरायचं, मागच्या रांगेत बसायचं, वेळेप्रमाणे कार्ड वर करायचं. पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचव्या मिनिटाला हिरवं, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. वर तीस सेकंदांची सवलत. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं. तिसरे वक्ते इतवारीतल्या त्यांच्या वडिलांच्या पानठेल्याबद्दल बोलत होते. कात लागून लाल झालेली बोटं, दुपारी ठेल्यावरच लागणारी त्यांची डुलकी... मी ऐकतच राहिले. घड्याळाकडे पाहिलं तर सहा मिनिटं पन्नास सेकंद. घाबरून पिवळं उचललं आणि दहा सेकंदांत लाल. बिचाऱ्यांनी शेवट कसाबसा गुंडाळला. चहाच्या वेळी म्हणाले, "ताई, पिवळं कुठं ठेवलं होतं?" मी खरं ते सांगून टाकलं. तर भाऊ खूष! म्हणाले, "मग जमलं म्हणा भाषण."

दीड महिन्यापूर्वी मला कोणी सांगितलं असतं की शनिवारची संध्याकाळ मी अशी घालवीन, तर हसले असते. ऑफिसातली ती मीटिंग झाली नसती तर गेलेही नसते. आकडे माझे, तक्ते माझे, रात्री जागून केलेले. साहेबांनी विचारलं, "हे कोण सांगेल?" माझा घसा असा बंद झाला की शेजारच्या पोरानं, जो सहा महिन्यांपूर्वी लागलाय, माझाच कागद उचलून वाचून दाखवला. वाईट तर वाटलंच. खरं म्हणजे सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

मग मैत्रिणीनं शंकरनगरला ओढत नेलं. पाहुण्यांना पैसे पडत नाहीत, बोलायची सक्तीही नाही. शेवटी फक्त विचारतात, दोन शब्द बोलता का? मी उभी राहिले आणि म्हटलं, "छान वाटलं." मोजून दोन शब्द.

सदस्य झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात टेबल टॉपिक्सला नाव पुकारलं गेलं. विषय तिथल्या तिथे मिळतो, बोलायचं एक ते दोन मिनिटं. मला आला 'कूलर'. नागपूरच्या बाईला कूलरवर बोलायला काय कमी? वाळ्याच्या ताट्या, टाकीत पाणी कोण भरणार यावरून होणारी भांडणं, मे महिन्यात लाईट गेली की सगळ्या मोहल्ल्याचा एकदम निघणारा सुस्कारा. हे सगळं मला घरी परतताना मेट्रोत आठवलं. तिथे मी अडतीस सेकंद बोलले. त्यातही बोलताना मध्ये घुसणारे फालतू शब्द मोजणाऱ्या आ-काउंटरनं अहवालात वाचून दाखवलं: सात वेळा 'म्हणजे', दोनदा 'ॲक्च्युअली'.

तेव्हापासून कानाला खोड लागली आहे. भाजीवाला बोलला की मोजते, बातम्या देणारी बोलली की मोजते. सासूबाईंचं तर एकही वाक्य 'काय म्हन्ते' शिवाय सुरू होत नाही. पण त्या ओसरीवर बसून एखाद्या लग्नातलं भांडण सांगायला लागल्या की शेजारच्या दोन घरांतल्या बाया कामं टाकून येतात. आ-काउंटरनं त्यांचे मार्क खुशाल कापावेत. त्यांच्या 'काय म्हन्ते'ला ऐकणारा अजून थोडा पुढे सरकतो. मी 'म्हणजे' म्हणते तेव्हा दार कुठे आहे ते शोधत असते. मोजणाऱ्याच्या वहीत दोन्हींची रेघ सारखीच.

मला दिलेले मेंटॉर बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. माझं पानठेला प्रकरण ऐकून म्हणाले, १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता आनाला राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थानं वायएमसीएच्या तळघरात हा क्लब सुरू केला, तेव्हापासून टायमर चुकतच असतील. मग हळूच वही काढली. "पुढच्या शनिवारी आइस ब्रेकर. लिहू नाव?" हे पहिलं भाषण. विषय आपण स्वतः, वेळ चार ते सहा मिनिटं. मी हो म्हटलं की मान हलवली, आठवत नाही. नाव मात्र लिहिलं गेलं.

आत्ता जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात तालीम केली. कार्डं घरी कुठून आणणार? मुलानं टोपलीतून हिरवी मिरची, संत्रं आणि टमाटर घेतलं आणि मोबाईलवर वेळ लावून ओट्यावर चढून बसला. हे दारात उभे. मी फ्रिजकडे तोंड करून सुरू केलं. जन्म महालातला, शाळा, कॉलेज, लग्न, नोकरी, ती मीटिंग. आतून सासूबाईंची हाक, "काहून वं, कोनाशी बोलून राहिली एवढ्या रातच्याला?"

संपल्यावर मागे वळून पाहिलं. मिरची मुलाच्या हातात तशीच होती, वर झालीच नव्हती.

"आई, दोन मिनिटं पन्नास."

चव्वेचाळीस वर्षं, आणि हिरव्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. हे म्हणाले, "कूलरचं टाक ना त्यात." मुलाला उद्या परत बसवते. आज टमाटर त्यानं मीठ लावून खाऊन टाकलं.