सहाव्या हेलिक्सचं टोक

या प्रयोगशाळेत येऊन दुसरं वर्ष चालू आहे आणि माझं सगळं लक्ष एका प्रथिनाच्या सहाव्या हेलिक्सवर, म्हणजे स्प्रिंगसारख्या पिळाच्या भागावर आहे. आई फोनवर विचारते, "नक्की काय बघतेस गं दिवसभर?" तिला तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे सलग लिहिते.

दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या पेशींवरच्या बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा, सात हेलिक्सच्या रूपात, आरपार जातं. औषध बसतं बाहेरच्या बाजूला, निरोप मात्र पोचतो आत. कारण प्रथिन आकार बदलतं. २०११ मध्ये क्रिस्टलमधून दिसलं, की जी-प्रोटीन (निरोप पेशीत पुढे नेणारं प्रथिन) जोडलेलं असताना सहाव्या हेलिक्सचं आतलं टोक तब्बल १४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) बाहेर सरकलेलं असतं. पुढच्याच वर्षी या रिसेप्टर्सच्या कुळावरच्या कामासाठी लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना नोबेल मिळालं.

पण क्रिस्टलमध्ये प्रथिन एकाच आकारात जखडलेलं असतं. मला ते हलताना बघायचंय, म्हणून एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल टिपायचं तंत्र. त्या टोकाजवळच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला फ्लोरिन असलेला छोटासा रेणू, म्हणजे लेबल, जोडायचा. प्रथिनांत मुळात फ्लोरिन नसतोच, त्यामुळे सिग्नल येतो तो फक्त आपल्या लेबलचा. टोक हललं, आजूबाजूचे अणू बदलले, की सिग्नलची जागाही सरकते.

खरा जीव जातो तो प्रथिन जपण्यात. कीटकांच्या पेशींत वाढवायचं, डिटर्जंटने पटलातून सोडवायचं आणि ते विस्कटू द्यायचं नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी नळी उजेडात धरली तर तळाशी पांढरा साका. दहा दिवसांचं काम गेलं. मी तिथेच रडले.

परवा मात्र नमुना टिकला. ६०० मेगाहर्ट्झच्या मॅग्नेटमध्ये नळी हवेच्या झोतावर तरंगत अलगद खाली गेली आणि रात्रभर स्कॅन चालू राहिले. सकाळी पडद्यावर सिग्नलचं एक मोठं पीक (उंच टोक) आणि त्याला खांद्यासारखं लागून एक छोटं; म्हणजे प्रथिनाचे दोन आकार. हे औषध न घालता! औषध घातल्यावर मोठं आटलं, छोटं वर आलं. म्हणजे रिसेप्टर औषधाची वाट बघत थिजलेला नसतो. दोन्ही आकारांत त्याची ये-जा चालूच असते, औषध फक्त पारडं झुकवतं. कुलूप-किल्लीचं चित्र मी शाळेपासून डोक्यात बाळगलं होतं, ते इथे अपुरं पडतं.

काही औषधं जी-प्रोटीनऐवजी अरेस्टिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या वाटेने निरोप धाडतात आणि ती मुख्यतः सातव्या हेलिक्सला हलवतात, असं २०१२ मध्ये फ्लोरिन एनएमआरनेच दाखवलं होतं. सोमवारपासून माझं लेबल तिकडे.