रिळावर लाईन भरताना आई शेजारी हवी

गेल्या मार्गशीर्षात साळाव पुलाच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठावर, माझा साडेसहाशे रुपयांचा लुअर, म्हणजे मासे धरायचं नकली आमिष, माझ्या डोळ्यांदेखत एकटाच निघून गेला. मी रॉड मागे नेला, फेकला, लुअर हवेत सुटला आणि मध्येच टक्क असा आवाज झाला. लाईन रिळावरच अडकली होती. लुअर मात्र तुटून, मोकळा होऊन, खाडीच्या मध्यावर छान लांब जाऊन पडला. एवढा लांब तो माझ्या हातून आधी कधी गेला नव्हता. शेजारी पागेरं (फेकायचं जाळं) खांद्यावर टाकून उभे असलेले काका बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "सोडलात काय त्याला?"

मी रोह्याला एका केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. मूळचा इचलकरंजीचा. जिताडा या खाडीतल्या माशाचा नाद इकडे आल्यावर लागला, आणि बेटकास्टिंग रीळ घेऊन आता पावणेदोन वर्षं झाली. त्यातलं पहिलं वर्ष मी माझ्या अंगठ्याला शिव्या देण्यात घालवलं.

साध्या स्पिनिंग रिळात फेकताना चकरी जागची हलत नाही, लाईन तिच्या तोंडावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टरमध्ये तसं नाही. लुअर लाईन ओढतो आणि त्या ओढीनं अख्खी चकरी गरगर फिरते. ज्यांनी संक्रांतीला दुसऱ्यासाठी आसारी धरली आहे त्यांना हे लगेच कळेल. पतंगाची ओढ कमी झाली तरी आसारी आपल्या नादात फिरतच राहते, आणि बघता बघता पायाशी मांजाचा ढीग. इथेही लुअर हवेत मंदावतो, चकरी मंदावत नाही, जास्तीची लाईन आतल्या आत फुगते आणि गुंता होतो. म्हणून फेकताना अंगठा चकरीवर हलकेच टेकवून ठेवायचा असतो. ब्रेक असतात, बाजूला ताण कमीजास्त करायची घुंडी असते, पण शेवटी अंगठाच.

त्यामुळे गुंता झाला की सगळे म्हणणार, अंगठा चुकला. मीही तेच म्हणायचो. पण साळावला गुंता झालाच नव्हता. लाईन एकाएकी थांबली होती. घरी येऊन चकरीवरची लाईन हातानं ओढत गेलो तेव्हा वीसेक मीटरवर ती खालच्या थरात घुसलेली सापडली. चांगली दोन-तीन थर खाली, भाकरीत शिरलेल्या सुरीसारखी. त्याच्या आधीच्या फेकीत लुअर एका खडकाला अडकला होता आणि मी रॉड सरळ धरून जोर लावून ओढला होता. त्या ओढीनं वरची लाईन खालच्या ढिल्या थरांत शिरली, आणि पुढच्या फेकीला तिथवर पोचल्यावर चकरी जागेवर खिळली.

ही ब्रेडेड लाईन. आमच्यात सगळे नुसतं ब्रेड म्हणतात, पावाशी संबंध नाही. आपल्या नेहमीच्या तंगुसापेक्षा, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीपेक्षा, ती तेवढ्याच ताकदीला खूप बारीक असते आणि ताणली तरी जवळजवळ लांबत नाही. म्हणून तर जिताडा तोंड लावतो ते थेट हातात कळतं. पण बारीक आणि गुळगुळीत असल्यामुळे ती ढिल्या थरात लोण्यासारखी शिरते. तंगूस जाड, त्यामुळे त्याची एवढी खोड नाही.

हे सगळं मी आईला सांगत नव्हतो, स्वतःशीच बडबडत होतो. आई दिवाळीपासून आमच्याकडेच आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची. ती पलंगावर बसून गवार निवडत होती. म्हणाली, "बघू, आण हिकडं." चकरी हातात घेऊन तिनं अंगठ्याचं नख लाईनीवर दाबलं. नख आत गेलं.

"कुणी भरलंय ह्ये?"

"मीच."

"ढिलं हाय की रं सगळं. आसली कांडी नेऊन दिली आसती तर मागवाल्यानं तोंडावर फेकली आसती."

आमच्या घरात रहाट होता. आई दुसऱ्यांच्या मागांसाठी कांड्या, म्हणजे सुताची छोटी रिळं, भरून द्यायची. उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीतून सूत सोडत कांडीवर पुढे-मागे पसरवायचं. मला त्या चाकाचा आवाज आठवतो, पण तिची डावी चिमूट काय करत होती हे मी चाळीस वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं. कांडी धोट्यात बसते, आणि धोटा मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो. कांडी सैल भरली की धोट्यातून सूत एकेक वेढ्यानं न सुटता चार-पाच वेढे एकदम घसरतात आणि कापडात गाठोळं येतं. मग कापडात खोट, आणि खोटीचे पैसे कापले जाणार.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली. ती स्पिनिंगची रिळं, ज्यात चकरी स्थिर राहते, त्यांचं पेटंट १९०५ साली इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ नावाच्या माणसानं घेतलं. तो ब्रॅडफर्डचा, कापड धंद्यातला माणूस. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसं सुटतं ते पाहून त्याला ती कल्पना सुचली असं सांगतात. आणि आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली. म्हणजे इकडे गावात माग नुकता खडखडायला लागला होता आणि तिकडे एक गिरणीवाला कांडीला दांडा लावून मासे धरायला निघाला होता. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्येला कामधंदा नसंल."

तर, लाईन पुन्हा भरायची ठरलं. सगळी उतरवली.

मी आधी कशी भरली होती ते सांगतो, कारण बरेच जण तशीच भरतात. नव्या लाईनचं रीळ जमिनीवर ठेवलं, टोक चकरीला बांधलं आणि टीव्ही बघत हँडल फिरवत बसलो. जमिनीवरचं रीळ टणाटण उडत होतं, लाईन कधी घट्ट येत होती, कधी सैल. वरून दिसायला मात्र एकदम सुरेख. त्या दिसण्यानंच मी फसलो. बेटकास्टरच्या तोंडाशी एक छोटी कडी असते, ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सरकत लाईन पसरवत जाते. तिच्याखाली एक दांडा असतो, त्यावर एकमेकांना छेदणारे दोन आटे कोरलेले असतात आणि कडीच्या पोटातला एक इवलासा दात त्या आट्यांतून चालतो. टोकाला पोचला की आपोआप उलट्या आट्यात वळतो. हे सगळं हँडलला गिअरनं जोडलेलं, त्यामुळे तुम्ही हळू फिरवा नाहीतर जोरात, पसरणं सारखंच होतं. म्हणजे आईची डावी चिमूट जी दोन कामं करायची त्यातलं एक यंत्र करतं. दुसरं, ताण द्यायचं, ते ते करत नाही.

यावेळी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. नव्या लाईनच्या रिळातून पेन्सिल घातली आणि आईनं ती दोन्ही टोकांना धरली. लाईन भरणीच्या रिळाच्या वरच्या अंगानं सुटून आपल्या चकरीच्याही वरच्याच अंगानं आत जायला हवी, म्हणजे ती ज्या वळणाची आहे त्याच वळणात राहते, पीळ पडत नाही. टोक आधी त्या सरकत्या कडीतून ओवायचं आणि मग चकरीला बांधायचं. हसू नका, मी एकदा कडी विसरून पन्नास मीटर गुंडाळली आहे. मधोमध असा डोंगर झाला होता की हँडलच फिरेना.

ब्रेड थेट चकरीवर बांधायची नाही. धातूवर तिला पकड मिळत नाही, मासा ओढायला लागला की सगळा गठ्ठाच चकरीवर गोल फिरतो आणि आपल्याला वाटतं ड्रॅग, म्हणजे माशाच्या ओढीला लाईन सोडणारा ब्रेक, सुटतोय. म्हणून खाली थोडं तंगूस भरून घ्यायचं. माझ्या चकरीवर १२ पौंडी तंगूस ११० मीटर बसतं. ब्रेड १५० मीटर होती, जाडी तंगुसाच्या पाऊणपटीहून थोडी कमी, म्हणजे वेढ्याला जागा साधारण निम्मी. हिशेब करून खाली ३० मीटर तंगूस घेतलं. दोन्ही दुहेरी युनी गाठीनं जोडलं आणि शेपट्या अगदी गाठीपाशी कापल्या, नाहीतर गाठ कडीत खटकते.

मग भरणं सुरू. मी ओल्या फडक्याची घडी करून रिळाच्या पुढे लाईन त्यात दाबून धरली. ओलं अशासाठी, की कोरड्या बोटांतून ताणलेली ब्रेड गेली की कापते. चार-पाच वेढ्यांनंतर आई म्हणाली, "थांब." पुन्हा नख लावलं. "आजून." मी आणखी दाबलं. "आजून." माझं मनगट भरून आलं. शेवटी तिनंच पेन्सिलीवरचं रीळ दोन्ही तळव्यांमध्ये दाबून ब्रेक लावल्यासारखं धरलं आणि मला म्हणाली, "तू नुसतं फिरव." त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. नातवानं येऊन व्हिडिओ काढला, तो मी इथे टाकणार नाही.

काठोकाठ भरायची नाही. कडेपासून ३ मिलिमीटर रिकामं सोडलं. जास्त भरली की लाईन कडेला घासते आणि गुंत्याला आमंत्रण. फार कमी भरली तर प्रत्येक वेढ्यात कमी लाईन सुटते आणि फेक आखूड पडते.

एका गोष्टीनं मात्र घोळ घातला. भरता भरता डाव्या बाजूला टेकाड यायला लागलं. आईला वाटलं माझा हात वाकडा. कडी डावीकडे जाऊन अंमळ रेंगाळत होती. दांडा पाहिला तर आट्यांत वाळलेलं मीठ आणि जुनं ग्रीस यांची काळपट खरवड. टूथब्रश, गोडं पाणी, फडकं, मग तेलाचा एक थेंब. टेकाडापर्यंतची लाईन उतरवून परत भरली. खाडीवरून आल्यावर रीळ धुवायचं हे मला माहीत होतं, धूतही होतो, पण त्या दांड्याखाली कधी बघितलं नव्हतं. तो दात झिजला तरी असंच होतं, पण माझा शाबूत निघाला.

आता दर तीन-चार खेपांनंतर एक काम करतो. हलका लुअर पाण्यावरून झटके देत आणला की लाईन पुन्हा सैल बसत जाते. म्हणून कॉलनीच्या मैदानात टोक एका खांबाला बांधून सत्तर-ऐंशी पावलं मागे जातो आणि रॉड वाकेल एवढ्या ताणानं चालत चालत परत गुंडाळतो. खडकात अडकलं तर रॉडनं ओढत नाही. लाईन एका लाकडी दांडक्याला गुंडाळून ओढतो, म्हणजे जोर चकरीवर येत नाही. गुंते अजून होतात, अंगठा काही एकदम शहाणा झालेला नाही. पण ते वरवरचे. चकरी अंगठ्यानं घट्ट दाबून हँडलचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि मग लाईन ओढायची, बहुतेक सुटतात.

त्या दिवशी भरून झाल्यावर आईनं चकरी उजेडात धरून फिरवून पाहिली. नख लावलं. आत गेलं नाही. मग तिनं विचारलं, "आन् ह्याचा धोटा कुठाय?"

मी डब्यातून दुसरा लुअर काढून दाखवला.

"ह्यो तिकडं फेकायचा?"

"हो. खाडीत."

"आन् मासा घिऊन येतो?"

"कधीतरी."

"न्हाईतर?"

"नाहीतर तसाच परत."

तिनं लुअर उलटा करून त्याचे गळ पाहिले, डब्यात ठेवला आणि गवारीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "दिसभर रिकामा धोटा मारायचा," ती म्हणाली, "आन् वर ह्येला सुट्टी बी काढतोस व्हय?"